पालीचं वकीलपत्र

कुत्रा पाळणाऱ्याला समाज प्राणिप्रेमी म्हणतो. मांजर पाळणारा हौशी ठरतो. दिवाणखान्यात काचेची पेटी ठेवून तीत चार मासे सोडणाऱ्याची गणना तर थेट अभिरुचिसंपन्न माणसांत होते. आणि ज्याच्या घरात पाली असतात, त्याच्या घरून पाहुणे चहा अर्धा टाकून उठतात. ही विषमता मला मान्य नाही. तिच्याविरुद्ध आज मी लेखणी उचलली आहे. आणि ती उचलण्यापूर्वी टेबलाच्या कडेवर बसलेल्या एका लहानग्या पालीला बाजूला होण्याची विनंती करावी लागली, हेही इथंच नमूद करून टाकतो.

आमच्या वर्ध्याच्या घरात सध्या सात पाली आहेत. हा आकडा रात्री नऊच्या सुमारास, दिवे लागलेले असताना आणि वीज गेलेली नसताना मोजलेला आहे. सरकारी शिरगणतीत सुटतात तशी दोन-चार डोकी यातही सुटली असतील. या पाली 'पाळलेल्या' आहेत असं मी म्हणतो. त्या 'साठलेल्या' आहेत असं आमच्या सौभाग्यवतींचं म्हणणं. फरक वरवर किरकोळ वाटतो, पण त्यावर आमच्या घरात एक अख्खा उन्हाळा निघालेला आहे.

वास्तविक 'पाळणे' या क्रियापदातच पाल बसलेली आहे. पालक, पालन, पालनपोषण, राज्यपाल, लोकपाल... केवढं हे घराणं! व्याकरणाचे मास्तर म्हणतील, पाल हा शब्द संस्कृतातल्या 'पल्ली'वरून आला, त्याचा पालनाशी काडीचा संबंध नाही. नसू दे. आमच्या वर्ध्याचंच बघा. १८६६ साली हे शहर वसवलं गेलं ते पालकवाडी नावाच्या खेड्याच्या जागी. त्यातला 'क' जरा हलक्या आवाजात म्हणून बघा, म्हणजे इथले मूळ रहिवासी कोण आणि उपरे कोण, याचा आपोआप उलगडा होईल.

'पण पाल ही काय पाळायची वस्तू आहे?' असं मला तोंडावर विचारलं जातं. निदान मराठी माणसानं तरी हा प्रश्न विचारू नये. १६७० साली तानाजी मालुसऱ्यांची माणसं कोंढाण्याचा कडा चढली ती यशवंती नावाच्या घोरपडीच्या कमरेला दोर बांधून, ही गोष्ट आपण लहानपणी मांडी घालून ऐकलेली आहे. इतिहासकार या गोष्टीला मान डोलवत नाहीत. पण लोकांनी ती मानली, घोरपडीला नाव दिलं आणि तिच्या चिकाटीचे गोडवे गायले. घोरपड तरी कोण? पालीच्याच गोतातली, अंगानं मोठी, दूरची नातेवाईक. मोठ्या नातेवाइकाचा पोवाडा आणि धाकट्याला केरसुणी, हा न्याय आपल्याकडे माणसांतही चालतो म्हणा! (घोरपड मात्र कुणी पाळायला जाऊ नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत ती आहे आणि शिक्षा तीन वर्षांपासून सात वर्षांपर्यंत आहे. तानाजीच्या काळी हा कायदा नव्हता, हे स्वराज्याचं भाग्य.)

मागं पुण्याला मुलाकडे गेलो होतो. त्याच्या इमारतीत एका घरी हिरवा इग्वाना पाळलेला आहे, तो बघायला नातवानं मला ओढत नेलं. हा दक्षिण अमेरिकेकडचा सरडा. शेपटासकट पाचेक फुटांपर्यंत वाढतो आणि शुद्ध शाकाहारी असतो. मी गेलो तेव्हा तो सांबार खात होता. सांबार म्हणजे आमच्याकडचा सांबार. पुण्याची मंडळी त्याला कोथिंबीर म्हणतात. त्याच्यासाठी काचेची खोली, खोलीत झाडाची फांदी, उष्णतेसाठी एक दिवा आणि अतिनील किरणांसाठी दुसरा. शिवाय २०२२ मध्ये कायदा बदलल्यापासून अशा परदेशी पाहुण्यांची सरकारदरबारी नोंदही करावी लागते. मालक मला कौतुकानं सांगत होते, "याला गरमी फार लागते हो, थंडीत जपावं लागतं." मी म्हटलं, "वर्ध्याला पाठवा. मे महिन्यात पंचेचाळीस अंश फुकट मिळतात. दिव्याचं बिल वाचेल."

त्याच घरी दुसऱ्या पेटीत एक ठिपकेवाली गुबगुबीत पाल होती. इंग्रजीत तिला लेपर्ड गेको म्हणतात आणि जगभरची पोरं ती पाळतात. स्वभावानं इतकी गरीब की तळहातावर घ्यावी. आता गंमत ऐका. हिची सख्खी चुलत बहीण आपल्या महाराष्ट्रातल्या दगडधोंड्यांत राहते. २०१४ मध्ये तर सातपुड्यातून या गोतातली एक नवी जात शास्त्रज्ञांनी जगापुढं मांडली. आणि आपण काय करतो? ती दिसली की 'विषारी! विषारी!' म्हणत धोंडा घालतो. म्हणजे एक बहीण काचेच्या महालात, मखमली हातांवर. आणि दुसरी आपल्याच माळावर आपल्याच माणसाच्या दगडाखाली. दोष कुणाचा? तिनं परदेशात जाऊन परत यायला हवं होतं, एवढाच.

थोडक्यात, मुद्दा पाळण्याचा नाहीच. विकत घेतलेली पाल चालते, आपोआप आलेली चालत नाही.

माझ्या सात पालींवर मी दमडी खर्च केलेली नाही. कवेलूचं घर होतं तेव्हा त्या आढ्यात होत्या, स्लॅब पडला तेव्हा त्या ट्यूबलाइटमागं आल्या. आम्ही नळाची नि विजेची जोडणी बदलत बसलो तेवढ्या वेळात त्यांचं स्थलांतर संपलंही होतं. वर्षानुवर्षं संध्याकाळी मी त्यांच्याकडे बघत आलो आहे. दूरदर्शन संच बंद पडला त्या वर्षी तर फारच बारकाईनं बघितलं. आणि माझं ठाम मत झालं आहे की पालीला नावं ठेवणाऱ्या शंभरांपैकी नव्व्याण्णवांनी पाल कधी पाहिलेलीच नसते. ती दिसण्याच्या आतच ते किंचाळलेले असतात.

पहिली गोष्ट म्हणजे पालींच्या राज्यात पदं ठरलेली असतात. आमच्या दिवाणखान्यातल्या ट्यूबलाइटच्या डाव्या टोकाला जो जाडजूड गृहस्थ बसतो, त्याला मी मामलेदार म्हणतो. तो गृहस्थच आहे. नराच्या मांडीच्या आतल्या बाजूला बारीक छिद्रांची रांग असते, ती खिडकीच्या काचेवर तो पलीकडून बसला की अलीकडून स्वच्छ दिसते. (मादीला ती नसते. घरात हे सांगितल्यावर 'तुम्हाला दुसरे उद्योग नाहीत का जी?' एवढंच उत्तर मिळालं.) तर उजेडाजवळची जागा मामलेदारांची, कारण किडे तिथं जास्त. त्यानंतर हातभर अंतरावर दोन अव्वल कारकून. कोपऱ्यात, जिथं चिलटांशिवाय काही फिरकत नाही, तिथं उमेदवारीवरची पोरं. एखाद्या पोरानं मर्यादा ओलांडली की मामलेदार आधी अंग उचलतात, मग शेपूट हळूहळू डोलवतात आणि मग 'चुक् चुक् चुक्' असा सज्जड इशारा देतात. बहुतेक वेळा तेवढ्यावर भागतं. प्रत्यक्ष चावाचावी मी फार थोड्या वेळा पाहिली. सरकारी कचेरीत एकतीस वर्षं काढलेल्या माणसाला यात नवीन काही शिकायला मिळालं नाही, पण ओळखीचं वातावरण मिळालं.

आता हे चुकचुकणं. बिचारा आपली हद्द सांगत असतो, किंवा शेजारणीला आपण मोकळे असल्याचं कळवत असतो. आणि खाली आपण मुलीच्या स्थळाबद्दल बोलत असतो. वर 'चुक् चुक्' झालं की आमच्या मोठ्या काकू जमिनीवर बोटं आपटून 'कृष्ण कृष्ण' म्हणतात आणि चांगलं नोकरीवालं स्थळ हातचं जातं! मामलेदारांना त्या मुलाचा पगारही ठाऊक नसतो. पण मराठी भाषेनंच तिच्यावर असा डूख धरला आहे की कुणाच्याही मनात संशय आला की चुकचुकते ती पाल. संशय तुमचा, मन तुमचं, आणि बदनामी तिची. पंचांगवाल्यांनी तर पल्लीपतनाचं अख्खं कोष्टकच छापून ठेवलं आहे. पाल कुठल्या अंगावर पडली म्हणजे लाभ, कुठल्यावर कलह, कुठल्यावर प्रवास. शिवाय सरडा अंगावर चढला तर काय, याचाही शेजारी हिशेब. पाल अंगावर पडते तेव्हा तिला काय फळ मिळतं, याचं कोष्टक मात्र मी अजून पाहिलेलं नाही. तमिळनाडूत कांचीपुरमच्या वरदराज पेरुमाळ मंदिरात छताला सोन्याची आणि चांदीची पाल आहे. त्यांना हात लावला की पाल पडल्याचा दोष जातो म्हणून लोक रांगा लावतात. आपल्याकडेही लक्ष्मीपूजनाच्या रात्री पाल दिसली तर शुभ मानणारी घरं आहेत. त्याच पालीचं दुसऱ्या दिवशी सकाळी काय होतं, ते विचारू नका.

पालीला पापण्या नसतात. त्यामुळं डोळ्यांत धूळ गेली तर ती जिभेनं पुसून काढते. एवढी लांब जीभ आमच्या गल्लीत पुष्कळांना आहे, पण तिचा असा स्वच्छतेसाठी उपयोग मी दुसऱ्या कुणी केलेला पाहिला नाही. कात टाकली की जुना अंगरखा स्वतःच खाऊन टाकते. म्हणजे जुन्या कपड्यांवर स्टीलचं पातेलं घेणाऱ्या आपल्या गृहिणींपेक्षाही काटकसरी. तिच्या विष्ठेबद्दल तक्रार आहे, ती रास्त आहे. मीही रोज फडकं मारतोच. पण त्या काळ्या लेंडीच्या टोकाला जो पांढरा ठिपका असतो तो काय, हे कधी विचारलंत? तो युरिक आम्लाचा. आपण जे काम लोटाभर पाणी दवडून करतो, ते ती जवळजवळ कोरडं उरकते. उन्हाळ्यात नळाच्या आवाजाकडे कान लावून बसणाऱ्या गावात या प्राण्याचा खरं म्हणजे जाहीर सत्कार व्हायला हवा.

मामलेदार दिवसा मातकट असतात आणि रात्री उजेडात फिक्कट गुलबट होतात. थंडी पडली की मंडळी कपाटामागं जातात ती दिसेनाशीच होतात, कारण त्यांच्या अंगात स्वतःची ऊब तयार होत नाही. बाहेरची मिळेल तेवढ्यावर संसार. आणि मिरगाचा पहिला पाऊस पडून उधईला पंख फुटतात, त्या रात्री आमच्या भिंतीवर जी पंगत बसते, तशी पंगत वर्धा जिल्ह्यात लग्नसराईतही बसत नसेल. सातच्या सात जण, मामलेदारांसकट, त्या रात्री हद्दीचे तंटे विसरलेले असतात. पोटं इतकी फुगतात की कातडीतून आतलं जेवण दिसावं. सकाळी फरशीवर नुसता पंखांचा सडा. ती उधई कुठं जाणार होती? माझ्या पुस्तकांच्या कपाटाकडे.

सर्वांत मोठी गोष्ट तिच्या पायांची. पाल भिंतीला चिकटते ती कशानं? हा प्रश्न आपला-तुपला नाही. अ‍ॅरिस्टॉटलनंही झाडावर डोकं खाली करून धावणाऱ्या या प्राण्याची नोंद करून ठेवली आहे. डिंक म्हणावा तर नाही. पायाला ओल नाही, की चोखणीसारखी वाटी नाही. बोटांखाली अतिसूक्ष्म केसांची दाटी असते, मोठ्या जातीच्या एकेका पायाला लाखांनी. प्रत्येक केसाचं टोक आणखी शेकडो फाट्यांत फुटलेलं. हे फाटे भिंतीला इतके जवळून भिडतात की अणुरेणूंमधली एरवी नगण्य वाटणारी ओढ तिला पेलून धरते. व्हॅन डर वाल्स नावाच्या डच पंडिताचं नाव या ओढीला आहे. त्यांना १९१० चं नोबेल मिळालं. पण पालीच्या पायात तीच ओढ काम करते, याचा पक्का पुरावा मिळायला २००२ साल उजाडलं. म्हणजे आपल्या स्वयंपाकघराच्या भिंतीवरून जी रोज नोबेल पारितोषिकाच्या तोलाचं पदार्थविज्ञान करत चालत जाते, तिच्यावर आपण लाटणं उगारतो. (नॉनस्टिक तव्याचा जो टेफ्लॉनचा मुलामा असतो, त्यावर मात्र तिचे कोरडे पाय टिकत नाहीत. ज्यांना पाल अगदीच नको, त्यांनी भिंतींना तोच रंग द्यावा. परवडलं तर मलाही कळवावं.)

तिला घालवण्याचे उपाय आमच्या घरी सर्व झाले. अंड्याची टरफलं झाली, डांबरगोळ्या झाल्या. कांद्याच्या चकत्या खिडक्यांना टांगून झाल्या. त्यांच्या वासानं आमचे दोन स्नेही यायचे बंद झाले, पाली होत्या तिथंच. मग कुणीतरी मोरपीस सुचवलं. पाल मोराला भिते म्हणे! भिंतीवर चार मोरपिसांचा झुबका लावला. दीड महिन्यानं जळमटं काढायला तो उतरवला तर मागं साखरफुटाण्यासारखी दोन पांढरी अंडी. आमच्या एका कारकूनबाईंनी ती सर्वांत सुरक्षित जागा म्हणून निवडली होती. पुढं त्यातून दोन पोरं निघाली, आईची वाट न बघता तडक ट्यूबलाइटच्या कोपऱ्यात रुजू झाली. न अर्ज, न मुलाखत.

इथवर हसण्यावारी नेलं. आता जरा रागाचं बोलतो.

शाळेतल्या पोषण आहाराच्या खिचडीत पाल सापडली, एवढी मुलं दवाखान्यात, ही बातमी आपण दरसाल कुठून ना कुठून वाचतो. बातमी वाचून सगळे 'अरे देवा, पाल! विष!' म्हणतात आणि पान उलटतात. तर हे वाचा: आपल्याकडच्या घरातल्या कुठल्याही पालीला विष नसतं. ना दातांत, ना कातडीत, ना शेपटीत. विषारी चाव्यासाठी नावाजलेला गिला मॉन्स्टर आणि त्याचा मेक्सिकोतला भाऊ, दोघंही अमेरिकेकडे राहतात आणि खिचडीच्या वासानं इथवर येत नाहीत. पालीच्या पोटात साल्मोनेलासारखे रोगजंतू असू शकतात, म्हणून तिची घाण अन्नाला लागता कामा नये, हात धुतलेच पाहिजेत, भांडं झाकलंच पाहिजे. पाल पडलेलं अन्न फेकूनच द्यायचं. उलट्या होणाऱ्या पोराला दवाखान्यात न्यायचं, यातही दुमत नाही. पण साल्मोनेला खदखदा उकळल्यावर मरतो. ताटात पाल बघून एकाला ओकारी आली की पाठोपाठ दहांना येते, तो भाग किळसेचा नि भीतीचा. आणि जिथं खरंच बाधा होते तिथं कितीतरी वेगळे आरोपी असू शकतात: घाण पाणी, जुना शिधा, शिजवून तासन् तास कोमट राहिलेलं अन्न. स्टॅफिलोकॉकस नावाचा एक जंतू अशा अन्नात जे विष सोडतो, ते पुन्हा उकळूनही जात नाही.

पण पाल सापडली ना? मग चौकशी संपली! पाणी कुठून आलं, शिधा कधी आला, स्वयंपाकाच्या खोलीला दार होतं का, पातेल्याला झाकण होतं का, ते झाकण मागणारा कागद कुठल्या टेबलावर पडून आहे, हे कुणी विचारायचं कारण उरत नाही. पाल मेलेली असते, ती जबाब देऊ शकत नाही. तिच्याबरोबर एकच जिवंत आरोपी सापडतो, तो म्हणजे तुटपुंज्या मानधनावर धुरात डोळे चोळत खिचडी रांधणारी बाई. तिला दुसऱ्या दिवशी घरी बसवतात. मी म्हणतो, पालीवरचा हा विषाचा आळ एवढ्यासाठी जपून ठेवला गेला आहे की तो फार सोयीचा आहे. पाल विषारी नाही हे एकदा लोकांना पटलं, तर पुढचे प्रश्न कुणाला विचारायचे हेही त्यांना कळेल.

आणि आता ताजं प्रकरण. आमच्या वसाहतीची रविवारी सभा झाली. विषय दोन: पाण्याची टाकी आणि पाली. टाकीचा विषय नेहमीप्रमाणे पुढं ढकलला गेला आणि पालींवर ठराव झाला की सर्वांनी मिळून चिकट पुठ्ठे मागवावेत, म्हणजे स्वस्त पडतील. पुठ्ठ्याला दाट गोंद लावलेला असतो. त्यावर पाल आली की चारी पाय, पोट, हनुवटी सगळं रुततं. ती लगेच मरत नाही. एक दिवस, कधी दोन दिवस, डोळे उघडे ठेवून, कारण मिटायला पापण्याच नाहीत, ती तशी पडून राहते. मग माणसं तो पुठ्ठा दुमडून कचऱ्यात टाकतात आणि हात धुतात. खारीची पिल्लं नि चिमण्यासुद्धा यात अडकतात. भारतीय पशु कल्याण मंडळानं २०११ मध्ये आणि पुन्हा २०२० मध्ये असले सापळे थांबवा म्हणून राज्यांना लिहिलं. आमच्या सभेत ते कुणाला माहीत नव्हतं, आणि मी सांगितल्यावर कुणाला ऐकायचं नव्हतं. जिचा पाय गोंदाचा थेंबही न वापरता छत पेलतो, तिला गोंदात बुडवून मारायची युक्ती माणसाला सुचावी, यावर मी तिथं बरंच बोललो. "बसा हो काका, चहा थंडा होऊन राह्यला," असं अध्यक्ष म्हणाले.

आणि हे कुठं? सेवाग्रामपासून आठ किलोमीटरवर. १९३६ साली गांधीजी तिथं राहायला आले तेव्हा त्याला शेगाव म्हणत आणि तिथं सापांचा सुळसुळाट होता. पाली नव्हे, साप! आश्रमात साप धरण्याचा लाकडी चिमटा आणि पिंजरा आजही ठेवलेला आहे. साप अलगद धरायचा, पिंजऱ्यात घालायचा आणि लांब रानात नेऊन सोडायचा. आमच्या वसाहतीतली बहुतेक मंडळी आलेल्या प्रत्येक पाहुण्याला तो पिंजरा दाखवायला नेतात, 'बघा, काय माणूस होता!' म्हणतात, येताना गोरसपाक घेतात आणि घरी येऊन पुठ्ठ्यावरचा कागद सोलतात. गांधींना जे नागाच्या बाबतीत जमलं, ते आपल्याला बोटभर पालीच्या बाबतीत जमत नाही. बरं, तिला घालवायचंच असेल तर सोपं आहे. रात्री बाहेरचा दिवा लावा, आतला मालवा. किड्यांमागं ती आपण होऊन जाते. फटी बुजवा. उष्टं झाकून ठेवा, झुरळं कमी होतील, मग तीही कमी होईल. यात गोंद कुठं लागतो? पण यात थोडं घर आवरावं लागतं, आणि पुठ्ठा विकत मिळतो.

ठरावानंतर तिसऱ्या दिवशी शेजारच्या वहिनी हातभर लांब धरलेला पुठ्ठा घेऊन आमच्या दारात आल्या. "काकू, हे जित्तं हाये अजून, मले नाही पाहवत. काकाले द्या." पुठ्ठ्यावर कारकूनबाई. ओळखू आल्या, कारण डाव्या कुशीवर जुन्या भांडणाचा डाग आहे. मी काही बोलण्याआधीच आमच्या सौभाग्यवती, ज्यांनी आजवर पाल दिसली की खुर्चीवर चढण्यापलीकडे तिच्याशी कसलाही व्यवहार केला नाही, फल्लीच्या तेलाची बाटली नि कापूस घेऊन आल्या. तेलानं गोंद सुटतो हे यांना कुठून कळलं कोण जाणे; लोणच्याच्या बरणीवरचा कागद काढून काढून कळलं असावं. अर्धा तास त्या एकेक बोट सोडवत होत्या. "नीट धरा जी, पाय तुटन तिचा!" एवढंच मला दोन-तीनदा ऐकवलं गेलं. पाय सगळे सुटले. शेपूट पुठ्ठ्यावरच राहिलं आणि नुसतं वळवळत होतं. येईल दुसरं; आत हाड नसेल, कूर्चा असेल, पण येईल.

कारकूनबाईंना कूलरमागं सावलीत ठेवलं. मग तेलाचा भाव काय झाला आहे, यावर मला सविस्तर बोलणं बसलं. बाटली मात्र फडताळात परत गेली नाही, दाराशेजारच्या कोनाड्यात ठेवली आहे. वहिनींकडे अजून चार पुठ्ठे लावलेले आहेत.